सुई वर लागली, खांदा आखडला. भरपाई कोणी द्यायची?

मागच्या फेब्रुवारीत आमच्या गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. तपासण्यासाठी शर्ट काढायला सांगितला, तेव्हा त्यांनी आधी उजवा हात बाहीतून बाहेर घेतला आणि मग त्याच हाताने डाव्या बाजूचा शर्ट हलकेच खाली सरकवला. खांदा दुखणारा माणूस शर्ट कसा काढतो हे पाहिले की अर्धे निदान तिथेच होते. डावा हात बाजूने वर उचला म्हटले, तर तो खांद्याच्या रेषेपर्यंतही जाईना. पाठीमागे न्या म्हटले, तर पँटच्या मागच्या खिशापाशीच अडला.

“केव्हापासून हे?”

“ऑक्टोबरपासून. मुलीकडे अमेरिकेत होतो. तिथे फ्लूची लस घेतली, त्या रात्रीपासून.”

सर आणि काकू न्यू जर्सीला मुलीकडे गेले होते. थंडी सुरू होण्याआधी तिकडे फ्लूची लस घेण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी दवाखान्यातच जावे लागते असे नाही. औषधांच्या मोठ्या दुकानात एका कोपऱ्यात खुर्ची मांडलेली असते, तिथे फार्मासिस्टच लस टोचतो. जावयाने दोघांनाही नेले. सरांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर स्वेटर. ते सारे काढत बसण्यापेक्षा त्यांनी गळ्याकडून कपडे खांद्यावरून जरासे खाली ओढले. सर बसलेले, टोचणारा उभा. सुई वरच्या वर लागली. काकूंना काही झाले नाही. सरांना मात्र त्या रात्री त्या कुशीवर झोपता आले नाही, ते आजतागायत.

परक्या मुलखात डॉक्टरचा खर्च नको म्हणून त्यांनी बाम आणि तापाच्या गोळ्यांवर तीन महिने काढले. परत आल्यावर एका मालिशवाल्याकडून खांदा चोळून घेतला. त्याने दुखणे वाढले, तेव्हा माझी आठवण झाली. पण येताना ते आणखी एक प्रश्न घेऊन आले होते. मुलीच्या ऑफिसात कोणीतरी सांगितले होते, की लसीनंतर खांदा असा धरला तर अमेरिकेत सरकार भरपाई देते. सरांचा यावर विश्वास बसत नव्हता. “डॉक्टर, औषध चांगले होते. कोणी मुद्दाम काही केले नाही. मग पैसे कोणी आणि कशाबद्दल द्यायचे?”

प्रश्न मोलाचा आहे. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी आई-वडील मुलांकडे परदेशी जातात, म्हणून आजचा लेख त्यावरच.

खांद्यात नेमके काय होते

दंडाच्या वरच्या भागावर, खांद्याला टोपी घालावी तसा एक जाड त्रिकोणी स्नायू असतो. त्याला डेल्टॉइड म्हणतात. मोठ्या माणसांना दंडात लस देतात ती या स्नायूच्या मधल्या, जाड भागात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो. लस तिथे आपले काम करते, एक-दोन दिवस दंड ठणकतो आणि विषय संपतो. पण याच स्नायूच्या खाली, खांद्याच्या हाडाच्या टोकाला लागून, एक पातळ पिशवी असते. बैलगाडीच्या आसाला जसे वंगण, तशी ही पिशवी. हात वर-खाली होताना आतले स्नायुबंध हाडावर घासू नयेत म्हणून निसर्गाने केलेली सोय. वैद्यकीय भाषेत तिला बर्सा म्हणतात.

लसीनंतर खांदे आखडलेल्या दोन रुग्णांची हकिकत अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी २००६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी निरोगी माणसांच्या खांद्यांची सोनोग्राफी करून ही पिशवी मोजली. ती हाडाच्या टोकापासून ३ ते ६ सेंटीमीटर खालपर्यंत पसरलेली आढळली, आणि कातडीपासून साधारण एक-दीड सेंटीमीटर आत. लसीची नेहमीची सुई एक इंचाची, म्हणजे अडीच सेंटीमीटर. सडपातळ माणसाला ती वरच्या बाजूला टोचली तर कुठे पोचेल, याचे गणित वाचकांनीच करावे. डेल्टॉइडचा वरचा तिसरा हिस्सा लसीसाठी वापरूच नये, असे त्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते.

लस पिशवीत गेली म्हणून एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. लसीचे कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचे. तिने स्नायूत असताना जी चिथावणी द्यायची, ती सांध्याजवळच्या बंद जागेत दिली की तिथेच दाह सुरू होतो. ज्याने ती लस पूर्वी घेतलेली असते किंवा तो रोग ज्याला होऊन गेलेला असतो, त्याच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयारच असतात. त्याचा दाह अधिक तीव्र होत असावा असे मानतात. दाह स्नायुबंधांपर्यंत जातो, दुखतो म्हणून माणूस हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून सांध्याभोवतीचे आवरण आवळत जाते. काही महिन्यांत खांदा गंजलेल्या बिजागरीसारखा होतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. लस टोचल्यावर दंड दुखणे, थोडी सूज येणे, हात जड वाटणे हे नेहमीचे आहे. दोन-तीन दिवसांत ते ओसरते. थंड पाण्याची घडी ठेवावी, हात हलवत राहावे, एवढेच. आपण ज्या इजेबद्दल बोलत आहोत ती वेगळी. तिचे दुखणे दंडात नसून खांद्याच्या सांध्यात असते, टोचल्यापासून तासाभरात किंवा फार तर दोन दिवसांत सुरू होते आणि आठवडा उलटला तरी कमी होत नाही. हात बाजूने वर जात नाही. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. असे झाले तर मालिशवाला गाठू नये. दाह असलेला खांदा चोळून, ओढून बरा होत नाही. डॉक्टरांकडे जावे. दाहशामक गोळ्या, गरज पडल्यास खांद्यात स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन, आणि चिकाटीने केलेले व्यायाम यांनी बहुतेकांचा हात सुटतो. शस्त्रक्रिया क्वचित लागते. मधुमेह असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते.

कायदा कसा जन्मला

आता भरपाईकडे वळू. त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस आपण ‘ट्रिपल’ या नावाने ओळखतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर अमेरिकेत अनेक पालकांनी या लसीने मुलांच्या मेंदूला इजा झाली असे दावे कंपन्यांवर लावले. १९८२ साली त्यावर दूरदर्शनवर एक खळबळजनक कार्यक्रम झाला आणि दाव्यांची रीघ लागली. (यातील बऱ्याच मुलांचा आजार लसीचा नव्हता असे पुढे दिसले. २००६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा १४ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा ११ जणांत जन्मजात जनुकदोष सापडला.) पण त्या वेळी हे कोणाला ठाऊक नव्हते. कंपन्यांनी एकामागून एक ती लस बनवणे सोडले, किंमत कित्येक पटींनी वाढली, आणि १९८४ च्या अखेरीस टंचाई इतकी झाली की बूस्टरचे डोस पुढे ढकलावेत असा सल्ला सरकारला द्यावा लागला. दुसरीकडे, ज्यांना खरोखर इजा झाली होती त्यांचीही दैना होती. कंपनीची चूक सिद्ध करायची, त्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टात जायचे, आणि शेवटी हाती काही लागेल याची खात्री नाही.

यावर १९८६ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. तिचे तत्त्व साधे आहे. चूक कोणाची हे विचारायचेच नाही. इजा लसीमुळे झाली का, एवढेच पाहायचे. झाली असेल तर भरपाई निधीतून द्यायची. हा निधी कसा उभा राहतो तेही पाहण्यासारखे आहे. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जेवढ्या रोगांपासून संरक्षण देते तेवढ्या रोगांमागे ७५ सेंट याप्रमाणे कर बसवला. फ्लूच्या डोसला ७५ सेंट. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांच्या एकत्र लसीला सव्वादोन डॉलर. म्हणजे लस घेणारे सगळे मिळून आपल्यातल्या दुर्दैवी एकाची वर्गणी भरतात. गावात एखाद्याचा गोठा जळाला की घरटी काही जमा करतात, त्यातलाच हा प्रकार.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर हे तत्त्व योग्य आहे. लस घेणारा माणूस स्वतःपुरती घेत नाही. त्याने घेतली म्हणून शेजारचे तान्हे मूल आणि पलीकडची म्हातारी आजीही वाचते. मग त्याच्या वाट्याला इजा आली तर ती त्याने एकट्याने का सोसावी?

भरपाईचा दावा वॉशिंग्टनमधील एका केंद्रीय न्यायालयात दाखल होतो. तिथे यासाठी नेमलेले विशेष न्यायाधिकारी असतात. कायद्याने त्यांची संख्या आठपेक्षा जास्त असू शकत नाही. समोरचा पक्ष कंपनी किंवा औषध दुकानदार नसतो, तर सरकारचे आरोग्य खाते असते. खात्याचे डॉक्टर कागद तपासतात, सरकारी वकील बाजू मांडतात. भरपाई मिळालेल्या प्रकरणांपैकी साधारण ६० टक्के प्रकरणे तडजोडीने मिटलेली आहेत. त्यांत लसीमुळेच इजा झाली असा निष्कर्ष खात्याने काढलेला नसतो. १९८८ पासून या योजनेने पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे. आकडा ऐकून कोणी लसीला घाबरू नये. २००६ नंतरच्या वर्षांचा सरकारी हिशेब असा, की दर दहा लाख डोसांमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळाली. आणि त्यात सगळ्या प्रकारच्या इजा आल्या.

खांदा तक्त्यात कसा आला

या कायद्याला जोडून एक तक्ता आहे. त्यात कोणत्या लसीनंतर, किती वेळात, कोणती इजा झाली तर ती लसीमुळेच झाली असे मानायचे, ते दिलेले आहे. तक्त्यात बसणाऱ्या माणसाला कारण सिद्ध करावे लागत नाही. तक्त्याबाहेरच्याला मात्र तज्ज्ञ डॉक्टर उभे करून ते सिद्ध करावे लागते.

फ्लूची लस २००५ साली योजनेत आली आणि खांद्याचे दावे येऊ लागले. ते कागद वाचणाऱ्या योजनेच्याच सरकारी डॉक्टरांना सारखेपणा दिसला. २०१० साली त्यांनी अशा १३ जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातील निम्म्याहून अधिक लोकांना सुई टोचताच दुखू लागले होते आणि जवळजवळ निम्म्यांनी ‘सुई फार वर लागली’ असे स्वतःहून सांगितले होते. या दुखण्याला त्यांनी ‘लसीकरणाशी संबंधित खांद्याची इजा’ असे नाव दिले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘सिर्वा’ म्हणून ओळखले जाते. दावे नाकारण्याचे काम ज्या टेबलावर व्हायचे, त्याच टेबलावर दावेदारांच्या बाजूचा पुरावा तयार झाला, हे मला या सगळ्या प्रकरणात फार आवडते. पुढे अमेरिकेच्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या एका राष्ट्रीय समितीनेही लसीची सुई आणि या पिशवीचा दाह यांतील कार्यकारणसंबंध मान्य केला आणि मार्च २०१७ पासून खांद्याची इजा तक्त्यात आली.

तक्त्यात बसण्याच्या अटी कडक आहेत. त्या खांद्याला पूर्वी असे दुखणे नसावे. दुखणे लसीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेले असावे. दुखणे आणि हालचालीची अडचण ज्या खांद्यात लस दिली तेवढ्यापुरतीच असावी. आणि या त्रासाचे दुसरे कोणतेही कारण दिसत नसावे. शिवाय परिणाम सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असला पाहिजे, किंवा रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया झालेली असली पाहिजे. पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. एक दिवस उशीर झाला तरी दार बंद समजावे.

दवाखान्याचा झालेला आणि पुढे होणारा खर्च, बुडालेली कमाई, आणि सोसलेल्या वेदनांबद्दल वेगळी रक्कम असे भरपाईचे भाग असतात. वेदनांबद्दल कायद्याने अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली आहे. खांद्याला एवढे मिळत नाही. २०१८ च्या सुमाराचे निकाल पाहिले तर शस्त्रक्रिया न लागलेल्या काहींना ६० ते ८५ हजार डॉलर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांना लाख-सव्वालाख असे आकडे दिसतात. वकिलाची फी निधीतूनच वेगळी मिळते. दावा हरला तरी तो प्रामाणिक आणि सबळ आधारावर केलेला असेल तर फी दिली जाते, आणि अशिलाकडून त्यावर एक पैसाही घ्यायला वकिलाला कायद्याने बंदी आहे. हे वाचून आपल्याकडच्या तालुका कोर्टात खेटे घातलेल्यांना हेवा वाटेल!

खांद्याचे दावे एवढे वाढले, की नव्या दाव्यांपैकी निम्म्याच्या आसपास तेच होऊ लागले. तेव्हा खुद्द आरोग्य खात्यालाच वाटले, की हा लसीचा दोष नव्हे, टोचणाऱ्याच्या हाताचा. तो या निधीने का भरावा? २०२० च्या जुलैमध्ये खांद्याला तक्त्यातून वगळण्याचा प्रस्ताव निघाला आणि जानेवारी २०२१ मध्ये तसा नियमही झाला. म्हणजे आमच्या सरांच्याच प्रश्नावर सरकार येऊन थांबले होते. यात एक अडचण होती. इजा तक्त्याबाहेर, लसीबाहेर ठरली, की माणूस थेट टोचणाऱ्या नर्सवर आणि फार्मासिस्टवर फिर्याद करणार. कोट्यवधी लोकांना लस टोचायची ऐन वेळ आणि टोचणाऱ्याच्या डोक्यावर कोर्टाची तलवार. सरकार बदलल्यावर, नियम अंमलात येण्यापूर्वीच, एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द केला गेला. कोविडची लस मात्र २०२० साली आली तीच वेगळ्या कायद्याच्या छत्राखाली. तिथे दाव्याची मुदत एक वर्ष, निर्णय न्यायालयाऐवजी खात्याचा आणि वकिलाची फी ज्याची त्याने द्यायची, असे नियम ठेवले गेले.

सरांचे कागद

सर अमेरिकेचे नागरिक नाहीत. पण कायद्याची अट लस अमेरिकेत घेतलेली असावी अशी आहे, माणूस कुठला आहे अशी नाही. त्यामुळे दार उघडे होते. प्रश्न कागदांचा होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत त्यांनी एकाही डॉक्टरला खांदा दाखवला नव्हता. बामाच्या बाटलीचा पुरावा होत नाही. इतके दुखत होते तर दाखवले का नाही, हा प्रश्न समोरची बाजू विचारणारच. न दाखवल्याने दावा बुडतोच असे नाही, पण दुखणे सौम्य असावे असा अर्थ निघतो आणि रक्कम घसरते.

दुसरी अडचण मधुमेहाची. सरांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि मधुमेह्यांमध्ये लस न घेताही खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. जावयांचा फोन आला. गृहस्थ सज्जन आहेत. चाचरत म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पत्रात शुगरचा उल्लेख टाळता आला तर बरे होईल.” मी नाही म्हणालो. माझ्याच रजिस्टरात अकरा वर्षे त्यांच्या साखरेचे आकडे आहेत, आणि तेच रजिस्टर त्यांच्या उपयोगाचेही आहे. या काळात ते माझ्याकडे गुडघ्यासाठी आले, खोकल्यासाठी आले. डाव्या खांद्याची तक्रार एकदाही लिहिलेली नाही. पहिली अट तिथे पुरी होते. एक पान दाखवायचे आणि दुसरे लपवायचे, असे करता येत नाही. मधुमेहाचा खांदा सहसा हळूहळू, आठवड्या-महिन्यांत आखडतो. लसीचा खांदा तारीख सांगून येतो. मी पत्रात मधुमेह लिहिला, सरांनी सांगितलेली तारीख ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ म्हणून लिहिली, आणि फेब्रुवारीत मला स्वतःला हात किती उचललेला दिसला तेही अंशांत मोजून लिहिले. त्यापलीकडे लिहिण्याचा मला अधिकार नव्हता.

परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांना म्हणून माझे सांगणे एवढेच, की लस जरूर घ्या, पण घेताना शर्ट पूर्ण काढा किंवा बाही पूर्ण वर घ्या. गळ्याकडून कपडा ओढून खांदा उघडा करू नका. तुम्ही बसा आणि टोचणाऱ्यालाही बसायला सांगा. खांद्याच्या टोकाचे हाड बोटाने चाचपता येते. त्याच्या खाली दोन-तीन बोटे सोडून आणि काखेच्या रेषेच्या वर, दंडाच्या मधोमध, सरळ काटकोनात सुई जायला हवी. लसीची पावती जपून ठेवा. त्यावर कोणत्या हातात दिली ते लिहिले आहे का, तिथेच पाहा. दोन दिवसांनी खांदा उचलेना झाला तर खर्चाचा विचार न करता एकदा डॉक्टरला दाखवा आणि दुखणे केव्हा सुरू झाले ते त्याला लिहायला लावा.

हेच इथल्या नर्स आणि कंपाउंडर मंडळींनाही लागू आहे. आपल्या सरकारी लसीकरणात तान्ह्या मुलांना मांडीत टोचतात, त्यांचा हा प्रश्न नाही. पण पाच वर्षांच्या बूस्टरपासून पुढे, आणि गरोदर स्त्रियांना धनुर्वाताच्या लसीसाठी दंडच वापरतात. लसीनंतर काही विपरीत घडले तर नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. अशा घटनांची नोंद घेण्याची सरकारी व्यवस्था आहे. ती नोंद म्हणजे भरपाईचा दावा नव्हे, हे मात्र समजून असावे. फी देऊन खाजगी दवाखान्यात टोचून घेतले असेल तर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक आयोगाकडे जाता येते, दोन वर्षांच्या आत. सर्वांना फुकट मिळणारी सरकारी सेवा त्या निकालाने ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. आणि आयोगापुढे टोचणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. अमेरिकेच्या कायद्याने जो प्रश्न बाजूला ठेवला, नेमका तोच.

सरांच्या खांद्यात एक इंजेक्शन दिले, त्यानंतर अडीच महिने त्यांनी भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम नेमाने केला. मुख्याध्यापकांचीच शिस्त. रोज हात पोचेल तिथे ते पेन्सिलने खूण करीत आणि बाजूला तारीख लिहीत. काकू भिंत खराब होते म्हणून कुरकुरत. एप्रिलमध्ये सहा महिने पुरे झाले तेव्हा हात खुंटीपर्यंत जात होता, पण पाठीमागे अजून अडत होता. तेव्हा मुलीने तिकडे एका वकिलाला कागद दिले. वकिलाने औषध दुकानाकडून लसीची नोंद मागवली. तीत लस उजव्या दंडात दिल्याचे छापलेले आले.

मुलगी घाबरून गेली. वकील मात्र म्हणाला की हे नेहमीचे आहे. संगणकात आधीच भरलेले तसेच राहून जाते, आणि न्यायाधिकाऱ्यांनी अशा नोंदी चुकीच्या असू शकतात हे अनेक निकालांत मान्य केले आहे. फक्त दुसरा पुरावा हवा. मग तिने फोनमधले जुने फोटो धुंडाळले. लस घेतल्यावर जावयाने दुकानातच गंमत म्हणून एक फोटो काढला होता. सर खुर्चीवर बसलेले, स्वेटर एका बाजूने खाली ओढलेला, आणि गोल पांढरी पट्टी डाव्या बाजूला. ती पट्टी दंडावर नाही, खांद्याच्या हाडाच्या टोकापाशी आहे, हेही त्या फोटोत स्पष्ट दिसते.